पाळी सुटली की पसरतं

१ जुलै २०२४, सोमवार

कॉलेजात अजून प्रवेश चालू आहेत. तासिका तत्त्वावरच्या आमच्या नेमणुका निघायला ऑगस्ट तरी उजाडणार. तोवर भाऊजींच्या ऑनलाइन सेंटरवर बसते म्हटलं. सेंटर वाळूजच्या बजाजनगरात, मोरे चौकाजवळ. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, पीएफचे क्लेम, शाळेचे फॉर्म, सगळं तिथंच. आज शटर वर जायच्या आधीच बायकांची रांग. शुक्रवारी अर्थसंकल्पात अजित पवारांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ जाहीर केली. महिन्याला दीड हजार, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं, अर्ज आजपासून, मुदत पंधरा तारखेपर्यंत.

अॅप काही उघडेना. तेवढ्या वेळात बायका फोन पुढे करून कागदपत्रांची यादी दाखवत होत्या. जवळजवळ सगळ्यांकडे तीच यादी, आणि तीत ‘हमीपत्र’च्या जागी ‘हमीपञ’. रांजणगावच्या बाईकडे ‘पञ’, जोगेश्वरीच्या बाईकडे ‘पञ’. काहींकडे मात्र नीट ‘पत्र’, पण खाली ‘आपल्या सर्व भगिनींना पाठवा’ अशी जास्तीची ओळ. म्हणजे यादीची निदान दोन घराणी आहेत.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरतं. रजिस्टरच्या मागच्या पानावर रकाने पाडले : ग्रुप कसला, कुठल्या तालुक्याचा, निरोप कधी आला. नाव नाही, नंबर नाही. एका मावशींनी विचारलं, “मॅडम, हे बी फॉर्मला लागतं का?”

“नाही मावशी, हे माझ्यासाठी.”

“मग लिव्हा की. बचत गटावर आलं, शनवारी सांजच्याला.”

२ जुलै, मंगळवार

रात्री ग्राफपेपर घेऊन बसले. आडव्या ओळीत तास, उभे ग्रुप : गावचा, भावकीचा, कंपनीतल्या पाळीचा, गल्लीचा, बचत गटाचा, शाळेतल्या पालकांचा, देवस्थानाचा. निरोप ज्या तासाला आला त्या चौकटीत ठिपका. मग ओळींची जागा बदलली. ज्या ग्रुपवर आधी आलं तो वर, नंतर आलं तो खाली. तालुके, अंतरं, काही पाहिलं नाही.

लाडक्या बहिणीचे ठिपके एकाखाली एक, सरळ भिंत. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी, रात्रीपर्यंत जवळजवळ सगळीकडे. यात कुणी कुणाला सांगितलं असं म्हणण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी एकाच खिडकीतून पाहिलं.

गूगल ट्रेंड्सही उघडून बघितलं. तिथे रेषा दिसते सुरेख, पण लोक ती चुकीची वाचतात. शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत. आपण निवडलेल्या मुदतीतला सर्वांत वरचा क्षण म्हणजे शंभर, बाकी सगळं त्याच्या मानाने. शिवाय तो शोधणाऱ्यांचा आलेख झाला. सांगणाऱ्यांचा आलेख कुणाकडेच नाही. व्हॉट्सअॅपचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, खुद्द कंपनीलाही नाही. पहिला निरोप कुणाचा ते शोधता आलं पाहिजे, असं सरकारने २०२१च्या नियमांत घातलं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात खटला चालू आहे. कुलूप तोडायला लावलंत तर आम्हाला भारत सोडावा लागेल, असं कंपनीच्या वकिलांनी गेल्या एप्रिलमध्ये तिथे सांगितलं. माझ्या मते कुलूप राहावं. आलेखासाठी माणसांना विचारत बसावं लागलं तर बसावं.

झोपताना बातमी : मुदत वाढवली, ३१ ऑगस्टपर्यंत. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला चालेल. पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. पाच एकरांची अट गेली, वय पासष्टपर्यंत नेलं. उद्या रांग कमी होईल म्हणाले भाऊजी.

३ जुलै, बुधवार

रांग कमी झाली नाही.

शेजारच्या मोबाइलवाल्याकडेही झुंबड. आजपासून रिचार्ज महागलं, जिओचं २३९चं २९९ झालं. ‘चला बीएसएनएलकडे’ हे सगळ्या स्टेटसवर. प्रत्यक्ष सिम बदलायला किती आले, विचारलं. म्हणाला, “स्टेटस टाकायला पैसे लागत नाहीत ना ताई.” आलेखात हे दोन वेगळे रकाने लागतील : म्हटलं कुणी आणि केलं कुणी.

४ जुलै, गुरुवार

संध्याकाळी मुंबईत मरीन ड्राइव्हवर विश्वचषक जिंकलेल्या संघाची मिरवणूक. घरातले सगळे टीव्हीला चिकटलेले. हे पहिल्या पाळीवरून आले तेच ड्रोन घेऊन. कँटीनमध्ये गेवराईचा एक जण सांगत होता म्हणे, गावाकडं रात्री ड्रोन फिरू लागलेत, चोरटे वरून घरं हेरू लागलेत, माणसं काठ्या घेऊन गच्चीवर. बीड-जालन्याकडचं हे बोलणं पेपरात येऊन गेलं आहे. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे मुक्कामाला असतात त्या घरावर ड्रोन दिसल्याचा विषय विधानसभेत निघाला होता, आणि मंत्री शंभूराज देसाई यांनी चौकशीचं सांगितलं होतं. तिथला संशय पाळतीचा. गावागावांतला चोरांचा. दोन भीतींना एकच ड्रोन पुरला.

दुसरा कागद काढला.

६ जुलै, शनिवार

ड्रोनचे ठिपके आधी नकाशावर मांडले. तालुक्यांचा नकाशा भाऊजींच्या दुकानात दहा रुपयाला मिळतोच, पोरांना शाळेत लागतो. गेवराई, अंबड, पैठण, मग गंगापूर, वैजापूर. गोदाकाठ धरून कुणीतरी चालत वर येतंय असं वाटावं. नकाशा बघून भाऊजी म्हणाले, “वहिनी, हे तर नदीनं यायलंय.”

असे नकाशे काढायचा पायंडा स्वीडनच्या टोर्स्टन हेगरस्ट्रांड या भूगोलतज्ज्ञाचा, १९५३चा. कुरणांसाठी मिळणारं सरकारी अनुदान दक्षिण स्वीडनमधल्या शेतकऱ्यांनी कोणत्या वर्षी घेतलं याचे ठिपके त्याने सालवार मांडले. जिथे एकाने घेतलं तिथे पुढच्या वर्षी शेजाऱ्याने. शेजार म्हणजे बांधाला बांध, हे तिथे खरं होतं.

इथे वैजापूरच्या पोराला विचारलं, तुला कुणाकडून? तर गंगापूरकडून नाहीच. त्याच्या खोलीत गेवराईचा आणि पैठणचा असे दोघं राहतात. एका खोलीत तिघं, तिघांच्या तीन पाळ्या, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापल्या गावचा ग्रुप. गेवराईवाल्याने फोन दाखवला, या वैजापूरच्यानं रात्रीतून आपल्या गावच्या ग्रुपवर टाकलं, ‘आपल्याकडंही लक्ष ठेवा’. सकाळी वैजापूरकडची चार गावं जागी. मध्ये गंगापूर तालुका आख्खा आडवा पडलेला, त्याला पत्ता नाही. त्याला दोन दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच खोलीतून.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग करणारे आले, आणि त्या सगळ्यांच्या खोल्या म्हणजे हे बजाजनगर. मराठवाड्याचे झाडून सगळे तालुके, खानदेश, विदर्भ, आता बिहार-उत्तर प्रदेशही. घरमालक पोटमाळ्यासकट भाड्याने देतो. गाव सोडून आलेला माणूस गावच्या ग्रुपमध्ये गावातल्यापेक्षा जास्त बोलतो, हे मी माझ्या सासरच्या भावकीवरून सांगू शकते. तेव्हा नकाशा बाजूला ठेवला. ओळी लावल्या खोल्यांच्या आणि पाळ्यांच्या. लगेच पायऱ्या दिसल्या. दुपारी पाळी सुटल्यावर एक पायरी, रात्री अकरानंतर दुसरी, सकाळी सातनंतर तिसरी. मधले तास कोरडे. कंपनीत फोन गेटवर जमा करायला लावतात ना!

यांना कागद दाखवला. हे क्वालिटीत. बघून म्हणाले, “रिजेक्शनचा चार्ट असाच येतो. पाळी बदलली की उडी.”

७ जुलै, रविवार

सेंटर बंद. सासूबाईंना विचारलं, गणपती दूध प्यायला तेव्हा तुम्हाला कसं कळलं? २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या तेव्हा गंगापूरला. “दुपारी. डॉक्टरांच्या बाईंना भावाचा फोन आला मुंबईहून. त्यांनी खिडकीतूनच सांगितलं.” दिल्लीत पहाटे सुरू झालेली गोष्ट दिवस मावळायच्या आत देशभर, आणि परदेशातल्या देवळांतही. घरोघर इंटरनेट नाही, मोबाइल नाही. एसटीडी बूथ आणि ज्या घरी फोन ती घरं, बस्स. चमच्याच्या काठावरून दूध वर ओढलं जातं ते पृष्ठताणामुळे, हे शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी रंग घालून दाखवलं. दुधाला गाठणं मात्र त्यांना जमलं नाही.

“तुम्ही पाजलं?”

“पाजलं की. प्याला.” एवढं बोलून उठल्या.

त्याआधीची पोस्टकार्डं मलाही आठवतात. अकरा जणांना पाठवा, अमक्याने पाठवलं नाही तर त्याचं असं झालं. मराठी घरांत शाळकरी पोरांचं अक्षर सुधारण्यात त्या कार्डांचा वाटा आहे, कारण लिहायला आम्हालाच बसवत. अकरा कार्डांना पैसे पडत, हात दुखत, आणि तेवढ्यात कुणाचा तरी उत्साह संपे. साखळी तुटायची ती तिथे.

९ जुलै, मंगळवार

ड्रोनच्या निरोपाचे पाठभेद जमवायला लागले. सर्वांत जुना पाठ, म्हणजे मला सापडलेला, दोन ओळींचा : अमुक गावात रात्री ड्रोन दिसले, सावध राहा. पैठणच्या पाठात ‘चोर रेकी करतात’ हे आलं. नंतरच्या एकात ‘ड्रोन गेल्यावर अर्ध्या तासात गाडी येते’. त्यापुढच्यात गाडीला पांढरा रंग मिळाला. सर्वांत नव्यात ‘पोलीस पाटलांनी सांगितले आहे’. गावाचं नाव मात्र पहिल्याच उडीला गळालं. त्याच्या जागी ‘आपल्या भागात’. त्यामुळे तो निरोप आता कुठेही लागू.

ही पद्धत काही कंप्युटरवाल्यांची नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली ती याच वाटेने. पोथ्या समोर ठेवायच्या, कुठल्या पोथीत कुठली चूक समान आहे ते बघायचं, समान चूक म्हणजे समान पूर्वज, आणि त्यावरून घराण्यांचं झाड. सुकथनकरांनी १९२५ साली सूत्रं घेतल्यावर हे काम शिस्तीला लागलं. त्याच्याही कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत केली. तीनशे वर्षांच्या नकलांत जे घुसलं ते त्यांनी उपसलं. त्याच पैठणहून पुढे गेलेल्या निरोपात आठवडाभरात गाडीला रंग लागला.

‘हमीपञ’ घराण्याचं झाडही काढलं. ‘पञ’ एवढं टिकलं कारण ती यादी चित्राच्या रूपात होती. चित्रात कुणी हात घालत नाही. ड्रोनचा निरोप साध्या अक्षरांत, कॉपी करून बदलता येणारा. म्हणून तो वाढत गेला.

११ जुलै, गुरुवार

लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा बायोडेटाच्या प्रिंट काढायला आला. ड्रोन कपाटात ठेवलाय म्हणाला. फुलंब्रीकडे शेतातल्या घराचं काम होतं, गेलाच नाही. “ताई, दिवसा उडवला तरी लोक गोळा होऊ लागलेत. एकट्यानं कसं जावं?”

त्याला जे वाटतं त्यामागे रैनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या रैनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे महिनाभर फोनांतून फिरत होतं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्याच्या आधीच्या महिन्यात आमच्या वैजापूर तालुक्यातही चोर समजून जमावाने माणसं मारली होती. त्यानंतर त्याच जुलैत निरोपावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा. पुढे दोन बाणांची खूण आली. पाच हातांतून गेलेल्या निरोपाला ते बाण लागतात, आणि २०२०च्या एप्रिलपासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो.

मर्यादेने काय होतं? ब्राझीलच्या मिनास जेराइस विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याकडचे, ब्राझीलचे आणि इंडोनेशियाचे ग्रुप धरून २०१९ साली हिशेब मांडला. पसरणं बरंच मंदावतं, पण जे फारच चटकदार असेल ते शेवटी सगळीकडे पोचतंच. माझ्या कागदावर तेच दिसतं. शिवाय दोन बाण लागलेला निरोप लोक फॉरवर्ड करत नाहीत. दाबून धरतात, कॉपी करतात, नव्याने चिकटवतात. बाण गेले, वर ‘आपल्या भागात’ आलं, आणि निरोप पुन्हा कोरा करकरीत. बाण म्हणजे शिळेपणाची खूण, आणि शिळं कुणी पाहुण्याला वाढत नाही.

ड्रोनच्या कागदावर आजपासून तिसरा रकाना केला : निरोप आल्यावर रात्री जागलात का. यात गंमत म्हणून लिहिण्यासारखं काही नाही. वडगाव कोल्हाटीच्या बाजूला राहणारा एक फेरीवाला दोन दिवस गावोगाव गेलाच नाही, बेडशीटं घेऊन बसून आहे. तो रकाना कुठे करायचा?

१३ जुलै, शनिवार

अंबानींच्या घरचं लग्न. काल रात्रीपासून रांगेतल्या बायकांच्या हातात दुसरं काही नाही. हे ‘व्हायरल’ नव्हे. गोएल, वॉट्स आणि त्यांच्या जोडीदारांनी ट्विटरवरच्या शंभर कोटींच्या घरातल्या निरोपांचा पसारा तपासून २०१६ साली छापलं की मोठ्या झालेल्या गोष्टींतल्या बहुतेक एका मोठ्या तोंडातून एकदम सुटलेल्या असतात. हातोहात, पिढ्यांमागून पिढ्या चढत गेलेल्या मोठ्या गोष्टीही असतात, पण कमी. फक्त एकूण आकडा बघितला तर लग्न आणि ड्रोन सारखेच दिसतील. माझ्या कागदावर लग्न ही भिंत, ड्रोन हा जिना.

एका बाईने नवरीच्या हाराची किंमत विचारली, मला माहीत असेल अशा खात्रीने.

१५ जुलै, सोमवार

आज चेंगराचेंगरी व्हायची राहिली. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून तेरा दिवस झाले, तरी ‘आज शेवटचा दिवस’. भाऊजींनी दाराला मोठ्या अक्षरात चिकटवलं होतं, ते वाचून बायका म्हणत, “ते असू द्या, तुम्ही आजच भरा.”

दोन रंगांनी काढलं. तांबड्याने ‘१५ जुलै’, निळ्याने ‘३१ ऑगस्ट’. दोन तारखेच्या रात्री निळा टीव्हीवरून एकदम सगळीकडे आला. तिथे भिंतच आहे. पण तांबडा मेला नाही. तो पाच-सहा तारखेपर्यंत विझत आला, आणि बारापासून पुन्हा चढला. जुना निरोप, त्यात तारीख जवळ आली म्हणून नवं बळ. निळ्याला घाई नाही, दीड महिना पडलाय, तो कशाला कोण पाठवील? भीतीच्या तारखेला पाय असतात, सवलतीच्या तारखेला नसतात.

आणखी एक काढलं, ते माझ्या सगळ्या कागदांत मला आवडलेलं. ऐकलं कधी आणि फॉर्म भरला कधी, अशा दोन रेषा. ऐकल्याची रेषा पहिल्याच दिवशी छताला टेकलेली. भरल्याची हळूहळू, गल्ली-गल्लीने. अमेरिकेत आयोवा संस्थानात रायन आणि ग्रॉस यांनी मक्याच्या संकरित बियाण्यावर हेच पाहिलं होतं, १९४३ साली. शेतकऱ्याला बियाणं कळलं ते विक्रेत्याकडून, पण पेरलं त्याने शेजाऱ्याचं शेत बघून, आणि मध्ये वर्षं गेली. पुढे रॉजर्सने १९६२च्या पुस्तकात त्यावर सगळं शास्त्र उभं केलं, आणि तो लांबट एस आकाराचा आलेख तेव्हापासून माझ्यासारख्या मास्तरणींचा पोटाचा धंदा झाला. इथे वर्षांचे दिवस झाले, एवढंच. कोपऱ्यावरच्या चाळीत एकीच्या फोनवर अर्ज सादर झाल्याचा संदेश आला, त्या संध्याकाळी त्या चाळीतल्या सगळ्या आल्या. समोरच्या चाळीतली एकही नाही. समोरच्या चाळीचा नळ वेगळा आहे.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. मोहरमही आजच, सगळ्यांना सुट्टी. शहरातून रात्रीपासूनच माणसं छोट्या पंढरपूरला पायी निघालेली. वाळूजचं हे पंढरपूर इथल्यांना जवळचं, नगर रस्त्यावर, आणि एकादशीला तो रस्ता माणसांचाच असतो. आम्ही दोघं पहाटे गेलो. रांगेत पुढे साबुदाणा खिचडीचे स्टॉल, राजगिऱ्याचे लाडू, पिपाण्या, मागे भजन.

परतताना केळीवाल्यापाशी उभे होतो. एक पोरगं ओरडलं, “लाडका भाऊ आला रे!” मोठ्या पंढरपुरात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलेलं : बारावी झालेल्यांना सहा हजार, पदविकेला आठ, पदवीधराला दहा. यांच्या फोनवर पाळीच्या ग्रुपवरून आलं, माझ्या फोनवर कॉलेजच्या ग्रुपवरून, जवळजवळ लागोपाठ. पिशवीतून वही काढून केळीच्या गाड्यावर ठेवून वेळ लिहिली. “इथं पण?” असं हे म्हणाले, पण फोन त्यांनीच पुढे धरला.

सुरुवातीपासून हाताशी आलेलं हे पहिलंच.

१९ जुलै, शुक्रवार

लाडक्या भावाचा पहिला पाठ बराच सरळ होता. त्यात लिहिलं होतं की सहा महिने कुठल्यातरी कंपनीत किंवा कार्यालयात प्रशिक्षण घ्यायचं, त्याचं हे विद्यावेतन. गुरुवारी दुपारच्या पाळीनंतरच्या पाठात सहा महिने गेले. रात्रीच्या पाठात प्रशिक्षण गेलं. आज सकाळी सेंटरवर आलेल्या पोराकडे होतं ते एवढंच : ‘बहिणीला दीड, भावाला दहा.’ त्याच्या पाठोपाठ विनोद : दाजीला काय, मेव्हण्याला काय. विनोदाची रेषा मूळ निरोपाहून उंच गेली.

गळतं काय, याचा क्रम आता तीन कागदांवर सारखाच दिसतोय. आधी ठिकाण जातं, मग मुदत, मग अट. रक्कम कधीच गळत नाही. ड्रोनच्या निरोपात रक्कम नव्हती, तिथे गाडी टिकली.

तो पोरगा बारावी झालेला, हंगामी कामगार, ठेकेदाराकडे. “मॅडम, फॉर्म भरून द्या.” सहा महिन्यांचं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पुन्हा कंपनीतच?” मी हो म्हटलं. “मग नवीन काय झालं?” असं म्हणून आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स काढून गेला, लागतातच कुठेतरी.

२० जुलै, शनिवार

ड्रोनचे ठिपके या आठवड्यात विरळ झाले. वैजापूर-गंगापूरकडे लोक झोपायला लागले. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागातून मात्र अजून कुणाकुणाच्या पाहुण्यांचे फोन येतात, तिथेही हेच चाललं आहे म्हणे. चाकण-रांजणगावला इथली बरीच पोरं बदली होऊन गेली आहेत. तिथल्या खोल्यांतून कुणी मला विचारून सांगेल का, ते बघायला हवं. रांजणगाव इथेही एक, तिथेही एक. वहीत ‘शेणपुंजी’ आणि ‘गणपती’ असं लिहून वेगळं केलं.

भाऊजींनी तिन्ही कागद लॅमिनेट करून काउंटरच्या मागे लावायचं काढलं. नको म्हटलं. लॅमिनेट केलं की त्यावर लिहिता येत नाही.

सोमवारपासून यांची रात्रपाळी. कागदांवर रात्री बारा ते पहाटे पाच हे रकाने सगळीकडे जवळजवळ रिकामे आहेत, कारण त्या वेळी जागणारी माणसं सकाळी झोपतात आणि माझ्या सेंटरवर येतच नाहीत. यांना सांगितलं आहे, सकाळी बसमधून उतरलात की आधी विचारायचं, कुठला ग्रुप, कुठला तालुका, किती वाजता. हे म्हणाले, चहा झाल्यावर. चालेल. पाच उभ्या रेघा मारून ठेवल्यात.